कुंचल्याचं टोक

नदीकाठी एक गाव होतं. त्या गावात घरोघर शाडूचे गणपती व्हायचे. या कामाच्या जागेला तिथले लोक कारखाना म्हणत. कारखाना म्हटलं म्हणून यंत्रं-बिंत्रं डोळ्यांपुढे आणू नका. नुसती माती, साचे आणि माणसं. अशाच एका कारखान्याचा मालक होता हिराजीशेठ. माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे.

हिराजीशेठची धाकटी बहीण द्वारका. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती भावाकडे राहायची. बसून खात नव्हती हं! कारखान्याचं जे काही नाव होतं ते तिच्या हातामुळे होतं. ती मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. पापणीची रेघ, बुबुळ आणि बुबुळातला उजेडाचा ठिपका, हे सगळं तिचं काम. मूर्ती कितीही सुबक असो, डोळा चुकला की बाप्पा रुसल्यासारखा दिसतो. द्वारकेच्या हातचा बाप्पा रुसलेला कुणी पाहिला नाही.

तिची कामाची एक रीत होती. कुंचला ओठांत धरायचा, जिभेनं अलगद फिरवायचा, की केस एकत्र येऊन टोक बारीक व्हायचं. मग ते रंगात बुडवायचं आणि रेघ ओढायची. पुन्हा ओठ, पुन्हा रंग, पुन्हा रेघ. आईनं तिला असंच शिकवलं होतं, आईला आजीनं. गावातल्या आखणी करणाऱ्या सगळ्याच बायका असंच करत. आखणीच्या दिवसांत त्या पान खात नसत, कांदा खात नसत. देवाच्या डोळ्याला लागणारा कुंचला तोंडातून जातो, तेव्हा तोंड स्वच्छ हवं, असं त्यांचं म्हणणं. रंग काजळीचे, गेरूचे. थोडेफार पोटात गेले तरी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

एका वर्षी समोरच्या आळीतल्या कारखान्यानं मूर्तींना मखमलीचे शेले पांघरवले आणि मुकुटात खडे जडवले. झालं! मुंबईची गिऱ्हाइकं तिकडे वळली. हिराजीशेठला अन्न गोड लागेना.

त्याच सुमारास शहरातून एक रंगविक्या आला. घड्याळाचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून तबकड्यांना जो रंग लावतात, तो हा विकायचा. त्यानं कोठीची दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. मग शिशाची जाड डबी उघडली आणि आतली कुपी चिमट्यानं उचलली. भर दुपारी त्या बंद कोठीत हिरवट उजेड पडला.

"याला तेल नको, वात नको," विक्या म्हणाला. "आपला आपण उजळतो. यात रेडियम आहे."

हिराजीशेठला तिथल्या तिथे दिसायला लागलं: काळोख्या देव्हाऱ्यात बसलेला बाप्पा, आणि त्याचे डोळे लुकलुकतायत. मखमलीचे शेले गेले उडत! त्यानं रंग घेतला. विक्यानं चिमटा पिशवीत टाकला आणि पायरी उतरता उतरता मागे वळून म्हणाला, "शेठ, एक सांभाळा. हा कुंचला तोंडात घालायचा नाही. पोटात गेलेलं चांगलं नाही."

मुलांनो, आता नीट लक्ष द्या. एवढं एक वाक्य होतं. ते हिराजीशेठनं ऐकलं. आणखी कुणी ऐकलं नाही.

हिराजीशेठ ओसरीवर बसून विचार करू लागला. हे कारखान्यात सांगितलं तर द्वारका कुंचला ओठांत धरणार नाही. मग टोक कसं येणार? त्यानं स्वतः फडक्यावर पुसून एक रेघ ओढून पाहिली. रेघ जाड आली. जाड रेघेचा डोळा कोण घेणार? शिवाय एकदा मनात भीती शिरली की बायका या रंगाला हातसुद्धा लावायच्या नाहीत. 'चांगलं नाही असं म्हणाला तो, विष आहे असं नाही म्हणाला,' त्यानं स्वतःची समजूत घातली. 'ही शहरातली माणसं जात्याच नाजूक. आमच्या बायका जन्मभर रंग चाटतायत, काय झालं त्यांना?' मग तो उठला. आत जाऊन त्यानं डबी द्वारकेपुढे ठेवली.

"द्वारके, बुबुळातला ठिपका या रंगाचा दे," तो म्हणाला. "बाकी नेहमीसारखंच कर."

द्वारकेनं नेहमीसारखंच केलं.

त्या वर्षी हिराजीशेठचे गणपती बघायला ही गर्दी लोटली! मूर्ती कोठीत ठेवायची, दार लावायचं आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, "बघा." गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. समोरच्या आळीत शेले धूळ खात पडले. एकदा द्वारका मूर्ती ठेवायला कोठीत गेली आणि तिच्यामागून वच्छी आत आली. वच्छी ही कारखान्यातलीच एक तरुण बाई, द्वारकेच्या हाताखाली आखणी शिकायला नुकतीच बसलेली. दार लागलं आणि वच्छी किंचाळली, "अगबाई! आत्याबाई, तुमचे दात बघा!"

द्वारकेचे ओठ आणि दात अंधारात चमकत होते. सगळ्या बायका धावत आल्या आणि हसून हसून लोळल्या. "बाप्पानं तोंडातच दिवा लावला की हो!" कुणीतरी म्हणालं. द्वारकाही हसली. ती जितकी हसे तितके दात दिसत. हिराजीशेठ दाराशी उभा होता. तो हसला नाही, पण बोललाही नाही.

दुसऱ्या वर्षी आखणीच्या दिवसांत द्वारकेचा एक दात दुखायला लागला. लवंगेचं तेल लावून झालं. मग तो दात भाकरी चावताना आपोआप निघून हातात आला. त्याच्या जागी जखम राहिली, ती भरेना. शेजारचा दात हलायला लागला. जबडा सुजला. जी बाई दिवसभर मांडी मोडत नसे, ती दोन डोळे रेखून भिंतीला टेकून बसू लागली. तिचा चेहरा शाडूसारखा पांढुरका दिसायला लागला.

तेव्हा तरी हिराजीशेठनं बोलायला हवं होतं. विक्याचं वाक्य त्याच्या कानात घुमत होतं. पण आता नुसतं सांगून भागणार नव्हतं. आता सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं, तेही सांगावं लागणार. म्हणून त्यानं वैद्य आणला, दूध वाढवलं, गादी नवी शिवली. "थोडी विश्रांती घे गं," असं दिवसातून चारदा म्हणाला. बहिणीवर त्याचा जीव होता. नुसता कुंचला तिच्या हातातून काढून घ्यायचा होता, तेवढं त्याच्यानं झालं नाही.

आता मास्तरांकडे वळू. गावच्या शाळेत खोपकर मास्तर विज्ञान शिकवायचे. त्यांना मुलांना एक उपकरण करून दाखवायचं होतं: बाटलीच्या बुचातून एक तार खाली सोडायची आणि तारेच्या टोकाला सोन्याच्या वर्खाची दोन पातळ पानं शेजारी शेजारी लटकवायची. केसांवर घासलेला कंगवा तारेला टेकवला की पानांवर विजेचा भार जातो. दोन्ही पानांवर सारखाच भार, म्हणून ती एकमेकांना दूर लोटतात आणि फाकून राहतात. सुवर्णपत्र विद्युतदर्शी असं याचं लांबलचक नाव. सोन्याचा वर्ख गावात कुठे मिळणार? गणपतीच्या कारखान्यात, मुकुटाला लावतात तो. म्हणून मास्तर हिराजीशेठकडे आले आणि तिथेच बसून त्यांनी बाटली जुळवली.

पानं फाकली आणि लगेच मिटली.

"दमट हवा," मास्तर पुटपुटले. त्यांनी बाटली शेगडीवर धरून चांगली शेकली. पुन्हा कंगवा टेकवला. पानं पुन्हा मिटली. मास्तर वैतागून बाटली ओसरीवर घेऊन गेले. तिथे मात्र पानं फाकली ती तशीच राहिली. आत आधीच्याच जागी आणली की मिटत. मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते बाटली घेऊन कारखानाभर फिरू लागले, आणि बायका कौतुकानं त्यांच्यामागे फिरू लागल्या. काजळीच्या वाटीजवळ पानं स्थिर. गेरूजवळ स्थिर. द्वारकेपुढच्या हिरवट रंगाजवळ नेताच पानं पटकन मिटली.

"हे काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"रेडियमचा रंग," द्वारका म्हणाली. "अंधारात उजळतो."

मास्तरांनी रंग आधी ओसरीच्या पार टोकाला नेऊन ठेवायला लावला. बाटली शेकून पुन्हा तयार केली. पानं छान फाकली. "काय दिसतंय बघू तरी," म्हणत द्वारका बाटलीवर वाकली. तिचा चेहरा जवळ येताच पानं मिटली.

मास्तरांनी बाटली खाली ठेवली. मग त्यांनी हळू विचारलं, "द्वारकाबाई, या रंगाचा कुंचला तुम्ही तोंडात धरता?"

"तोंडात न धरता टोक कसं येणार, मास्तर?"

मास्तर खाली बसले. त्यांनी वच्छीलाही बाटलीजवळ बोलावून पाहिलं. पानं थोडी थरथरली, पण मिटली नाहीत. हा रंग वापरायला तिनं नुकतीच सुरुवात केली होती. मास्तरांनी तिला सांगितलं, "आजपासून तुझा कुंचला ओठांना लागता कामा नये." मग ते द्वारकेकडे वळले. तिला समजेल असं सांगायचं त्यांनी ठरवलं, आणि ते सांगायला त्यांना जड जात होतं.

"हे बघा, सगळं जग अणूंचं आहे," ते म्हणाले. "माती, पाणी, तुम्ही, मी. प्रत्येक अणूच्या मधोमध एक गाभा असतो, त्याला केंद्रक म्हणतात. केंद्रकात दोन प्रकारचे कण. प्रोटॉन, त्यांच्यावर धन भार असतो. न्यूट्रॉन, त्यांच्यावर भारच नसतो. केंद्रकाच्या बाहेर लांबवर इलेक्ट्रॉन असतात, त्यांच्यावर ऋण भार. अणू आपल्या गावाएवढा धरला ना, तर त्याचं केंद्रक होईल सुपारीएवढं. पण अणूचं जवळजवळ सगळं वजन त्या सुपारीत."

"आणि बाकी गावात काय?" वच्छीनं विचारलं.

"मोकळी जागा आणि थोडे इलेक्ट्रॉन. आता ऐका. या बाटलीतली पानं एकमेकांना लोटत होती ना, तसे प्रोटॉनही एकमेकांना लोटतात. तरी केंद्रकात एक जबर बळ असतं, ते त्यांना धरून ठेवतं. पण ते बळ फार जवळच्या कणापर्यंतच पोचतं. केंद्रक खूप मोठं झालं की धरून ठेवणं कठीण जातं. रेडियमच्या केंद्रकात अठ्ठ्याऐंशी प्रोटॉन आहेत आणि एकशे अडतीस न्यूट्रॉन. तेवढे एका जागी नांदत नाहीत. मग त्यातून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन एकदम बाहेर फेकले जातात. तो अल्फा कण. उरले शहाऐंशी प्रोटॉन. प्रोटॉन बदलले की मूलद्रव्य बदललं. रेडियम उरलं नाही, रेडॉन नावाचा वायू झाला. तोही फुटतो. काही अणू फुटताना बीटा कण सोडतात, म्हणजे वेगानं सुटलेला इलेक्ट्रॉन. काहींतून गॅमा किरण निघतात, ते तर माणसाच्या आरपार जातात. असं फुटत फुटत शेवटी शिसं होतं, तेव्हा कुठे शांतता. याला किरणोत्सार म्हणतात."

"मग उजेड कशाचा?" द्वारकेनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"रंगात दुसरी एक भुकटी मिसळलेली असते. हे कण तिच्यावर आदळले की ती उजळते. आणि हवेवर आदळले की हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन निखळतात, मग ती हवा पानांवरचा भार पळवते. म्हणून पानं मिटली."

"म्हणजे माझ्या अंगातून..."

"हो." मास्तरांनी मान खाली घातली. "तुमच्या श्वासातून तो रेडॉन बाहेर येतोय, म्हणून पानं मिटली. अल्फा कण बाहेर असले तर साध्या कागदानंही अडतात. अंगावरची कातडी त्यांना आत येऊ देत नाही. पण तुम्ही रेडियम पोटात घेतलंत, आणि तिथे अडवायला काही नाही. अणू दुसऱ्याशी कसा वागणार, हे त्याच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन ठरवतात. हाडं ज्याची बनतात त्या कॅल्शियमच्या बाहेरच्या कक्षेत दोन इलेक्ट्रॉन. रेडियमच्याही बाहेरच्या कक्षेत दोनच. शरीर तेवढंच बघतं, गाभा बघत नाही. कॅल्शियम आलं असं समजून ते रेडियमला नेऊन हाडांत बसवतं. मग ते तिथे बसून हाडावर मारा करत राहतं."

द्वारकेनं सुजलेल्या जबड्याला हात लावला.

"काढता येईल?"

"हाडात बसलेलं नाही काढता येत."

"मग विझेल कधी?"

"सोळाशे वर्षांनी अर्धं उरेल. त्याला अर्धायुकाल म्हणतात. आणखी सोळाशे वर्षांनी त्याच्या अर्धं."

द्वारका हसली. दुखत होतं तरी हसली. "म्हणजे मी गेले तरी हे कामावर हजर म्हणा."

मास्तर हिराजीशेठकडे वळले. "शेठ, विकणाऱ्यानं काही सांगितलं नव्हतं? काही ताकीद?"

सगळा कारखाना हिराजीशेठकडे बघू लागला. मुलांनो, देव माणसाला पुन्हा संधी देत नाही असं म्हणू नका. त्यानं ही दिली होती. हिराजीशेठ म्हणाला, "नाही हो, मास्तर! एक अक्षर नाही. फसवलं त्या मेल्यानं!"

बायकांनी मग त्या विक्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हिराजीशेठनंही त्यांच्या सुरात सूर मिसळला. द्वारका तेवढी भावाकडे टक लावून बघत होती. जन्मभर डोळे रेखलेली बाई ती. कुठला डोळा खरा आणि कुठला नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

दुपारी सगळे जेवायला गेले. भाऊ-बहीण दोघंच राहिली.

"दादा," द्वारका म्हणाली, "तो सांगून गेला होता ना?"

हिराजीशेठ जमिनीवर सांडलेला गेरू पुसू लागला.

"गप्प बसलास तो शेठ म्हणून, की भाऊ म्हणून?"

हिराजीशेठ लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. द्वारकेनं त्याला रडू दिलं. मग ती म्हणाली, "मी कुणाला काही बोलणार नाही. पण तू सांग. सगळ्यांना सांग, आणि मी आहे तोवर सांग. त्या बायका उगाच परक्या माणसाला शिव्या घालतायत."

"सांगतो," तो म्हणाला. "उद्या सांगतो."

उरलेली कुपी, कुंचले आणि त्या रंगाचे डोळे रेखलेल्या मूर्ती मास्तरांनी माळावर पुरायला लावल्या. कातळ फोडून खोल खड्डा केला, तिथे कुणी जाऊ नये म्हणून वर दगड रचले. वच्छीनं फडक्यावर टोक काढायची सवय केली. रेघ जाड आली तर आली! हळूहळू तीही बारीक यायला लागली. गिऱ्हाइकांना फरक कळलासुद्धा नाही. जी रेघ जाऊ नये म्हणून हिराजीशेठ गप्प बसला होता, ती रेघ थोड्या सरावानं परत आली.

द्वारका मात्र खंगत गेली. रोज संध्याकाळी ती भावाकडे बघायची. तो नजर चुकवून म्हणायचा, "उद्या." दिवस असेच गेले. त्याला खरोखर सांगायचं होतं, यात मला शंका नाही. पण 'उद्या' म्हणणाऱ्या माणसाला रोज नवा उद्या मिळतो, आणि आजारी माणसाला तो मिळेलच असं नसतं.

शेवटी तिला बोलणं कठीण झालं. तिनं मास्तरांना आणि भावाला जवळ बोलावलं.

"माझ्या अस्थी नदीत सोडू नका," ती म्हणाली. "खालच्या अंगाला बायका पाणी भरतात. माळावरच्या त्या खड्ड्यात पुरा. रंगाशेजारी."

हिराजीशेठचा चेहरा उतरला. "अगं, अस्थी पाण्यात नाहीत म्हणजे..."

मास्तर म्हणाले, "द्वारकाबाई, आहे ते अगदी कणभर. एवढ्या मोठ्या नदीला त्यानं बहुधा काही होणार नाही."

"बहुधा नको, मास्तर," द्वारका म्हणाली. "बहुधा काही होणार नाही, असंच कुणीतरी माझ्याबद्दलही म्हणालं असेल."

"पण आजवर त्या डोळ्यांच्या किती मूर्ती पाण्यात गेल्या," हिराजीशेठ चाचरत म्हणाला.

"त्या गेल्या तेव्हा मला माहीत नव्हतं. आता आहे." एवढं बोलून तिनं डोळे मिटले. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

अग्नी दिला. अस्थी सावडून झाल्या. मडकं हातात घेऊन हिराजीशेठ घाटावर उभा राहिला, आणि अवघं गाव त्याच्याभोवती जमलं. द्वारकेच्या हातचा बाप्पा ज्यांच्या घरी बसला नव्हता, अशी घरं गावात थोडीच होती. विधी करणाऱ्या गुरुजींनी दर्भ सरसावले आणि नदीकडे हात केला.

"पाण्यात नाही सोडायच्या," हिराजीशेठ म्हणाला. "माळावर पुरायच्या आहेत. तिची तशी इच्छा होती."

"अशी कशी इच्छा?" गुरुजी चमकले. "वैऱ्याच्या अस्थीसुद्धा आपण पाण्याला देतो. कारण काय?"

लोकांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, बाईला काही शाप होता की काय. कुणी म्हणालं, हिला आता गती कशी मिळणार! बहिणीबद्दलचे हे शब्द हिराजीशेठला ऐकवेनात. त्यानं मास्तरांकडे पाहिलं. बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसं पाहिलं.

"मास्तर, सगळं जळालं की हो," तो म्हणाला. "हाडांचीसुद्धा राख झाली. आगीनं तरी ते संपलं असेल ना? आता तरी पाण्यात सोडू द्या."

"नाही, शेठ," मास्तर म्हणाले. "आग लाकूड जाळते, देह जाळते, म्हणजे काय करते? अणूंची जुनी जोडणी मोडून नवी करते. तिचा सगळा कारभार बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी. गाभ्यापर्यंत आग पोचतच नाही. रेडियमला तापवा, गोठवा, दळा, जाळा, त्याला पत्ता नसतो. ते जसं होतं तसंच या मडक्यात आहे."

हिराजीशेठनं मडक्याकडे पाहिलं. मडकं हलकं होतं, पण त्याला ते पेलवेना. तो घाटाच्या पायरीवर बसला. कुजबुज थांबली.

"हिला शाप नव्हता," तो म्हणाला. "रंग विकणारा मला सांगून गेला होता, की कुंचला तोंडात घालू नका. मी हिला सांगितलं नाही."

एवढंच बोलून तो थांबला. नदीचं पाणी वाहत होतं, खालच्या अंगाला एक बाई कळशी बुडवत होती. गुरुजींनी दर्भ खाली ठेवले. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर धावून गेलं नाही. तसं काही झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

वच्छी गर्दीतून पुढे आली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि हिराजीशेठच्या हातातून मडकं काढून स्वतःच्या हातात घेतलं.

"एका दमात बोलून झालं की, शेठ," ती म्हणाली. "एवढंच होतं?"

आणि ती मडकं घेऊन माळाच्या वाटेला लागली. तिच्यामागून गाव गेलं.

तात्पर्य: ज्या गोष्टीत दुसऱ्याचा जीव अडकला आहे, ती आपल्याला कळली त्याच क्षणी त्याला सांगावी. वेळ टळल्यावर सांगितलेल्या सत्यानं सांगणाऱ्याचं ओझं उतरतं, ऐकणाऱ्याचा जीव परत येत नाही.